निवळ पाण्यातला साका

ऑक्टोबरच्या छाटणीचे दिवस आले की नारायणगाव, वारूळवाडी, येडगाव, गुंजाळवाडी या पट्ट्यातल्या द्राक्षबागांत प्लास्टिकची पिंपे मांडली जातात. एका पिंपात भिजवलेले मोरचूद असते, निळेशार आणि आरपार दिसणारे. दुसऱ्यात कळीचा चुना विरवून केलेले पांढरे पाणी. दोन्ही गाळून, बेताबेताने एकत्र ओतली की मोरचुदाच्या पाण्याचा आरपारपणा क्षणात संपतो आणि पिंपभर दाट, आकाशी रंगाचा रांधा तयार होतो. शेतकरी त्याला नुसते ‘बोर्डो’ म्हणतो. छाटलेल्या काड्यांवर आणि ओलांड्यांवर त्याची फवारणी होते. त्याच सुमारास दोन-चार किलोमीटरवरच्या शाळेत दहावीचा वर्ग ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ हा धडा शिकत असतो. फळ्यावर सिल्व्हर नायट्रेट आणि मीठ यांची अभिक्रिया असते, तळाशी पांढरा अवक्षेप बसलेला असतो, आणि समीकरण संतुलित करण्याचे गुण ठरलेले असतात. बागेतला आकाशी रांधा आणि फळ्यावरचा पांढरा अवक्षेप ही एकाच प्रकारच्या अभिक्रियेची दोन उदाहरणे आहेत, हे त्या वर्गातल्या किती मुलांना कोणी सांगितलेले असते? जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शेतीचे पुढचे पन्नास वर्षांचे आरोग्य काही अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे, असे आम्हाला वाटते.

आधी त्या रांध्याकडेच नीट पाहू. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते पाण्यात सहज विरघळते, आणि हीच त्याची अडचण आहे. विरघळलेले तांबे पानावर पडले तर बुरशीबरोबर पानही करपते, आणि पहिल्या पावसाच्या सरीत सगळे धुऊन जाते. चुना घातला की तांबे विरघळलेले राहत नाही. कॉपर सल्फेट आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड आपापले जोडीदार बदलतात आणि कॉपर हायड्रॉक्साइड व कॅल्शियम सल्फेट तयार होते. यातले कॉपर हायड्रॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ते अतिसूक्ष्म कणांच्या रूपात सालीला आणि पानाला चिकटून बसते आणि दवाच्या ओलाव्यात कणाकणाने तांबे सोडत राहते. केवड्याच्या, म्हणजे शेतकरी ज्याला सर्रास ‘डाउनी’ म्हणतात त्या रोगाच्या बीजाणूला मारायला एवढे पुरते आणि पानाला इजा होत नाही. औषधाचा गुण न विरघळण्यात आहे. वर्गात अवक्षेप हा अभिक्रिया झाल्याचा पुरावा असतो; बागेत तोच हाती हवा असलेला माल आहे.

हा माल सापडला तो फ्रान्समध्ये. अमेरिकेतून आलेला केवडा १८७८ च्या सुमारास तिथल्या द्राक्षवेलींवर दिसला आणि काही वर्षांतच बागा ओस पडू लागल्या. १८८२ च्या हंगामात बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर मिलार्दे यांना मेदोक भागातल्या बागांमधून जाताना एक वेगळीच गोष्ट दिसली. आतल्या वेलींची पाने गळून गेली होती, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्या होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून बागवानांनी रस्त्यालगतच्या ओळींवर मोरचूद-चुन्याचे निळे पाणी शिंपडले होते. फळ विषारी दिसावे एवढाच हेतू. मिलार्दे यांनी त्या दिसण्यामागचे कारण शोधले, रसायनज्ञ युलिस गायों यांना सोबत घेऊन प्रमाण बसवले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. तांब्याचे क्षार बुरशीच्या बीजाणूंना मारतात हे बेनेदिक्त प्रेव्हो यांनी १८०७ मध्येच गव्हाच्या काणीवर दाखवून दिले होते. ते ज्ञान जवळपास ऐंशी वर्षे पडून राहिले, कारण तांबे पानावर टिकवायचे कसे हे कोणाला सुचले नव्हते. चुन्याने ते टिकले. पुढे बटाट्याच्या करप्यावर, म्हैसूर संस्थानात सुपारीच्या कोळेरोगावर आणि जगभरच्या द्राक्षबागांत हे मिश्रण पोचले. आज सातगाव पठारावर बटाटा लावणारा शेतकरी ज्या करप्याला घाबरतो, त्याच रोगाने १८४५ नंतर आयर्लंडमध्ये दुष्काळ आणला होता. तेव्हा हा उपाय हाताशी नव्हता.

एक टक्क्याच्या बोर्डोची कृती आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. आता समीकरण मांडून पाहा. कॉपर सल्फेटचा एक रेणू आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा एक रेणू, म्हणजे एकास एक. पण हे एकास एक रेणूंचे आहे, वजनाचे नाही. स्फटिकातल्या पाण्यासह मोरचुदाचे रेणुवस्तुमान सुमारे २५० आहे, तर कळीच्या चुन्याचे ५६. म्हणजे एक किलो मोरचुदाला शुद्ध कळीचा चुना लागतो सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. आपण घालतो त्याच्या चौपटीहून जास्त. हा अडाणीपणा नाही, यामागे अनुभव आहे. भट्टीचा चुना शुद्ध नसतो. गोणी उघडी राहिली की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो आणि त्याची ताकद जाते. शिवाय चुना थोडा जास्त झाला तर फार बिघडत नाही, पण कमी पडला तर विरघळलेले तांबे शिल्लक राहून कोवळी फूट जळते. म्हणून जुने बागाईतदार मिश्रण झाले की त्यात लोखंडी विळा किंवा चाकू बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. लोखंड विरघळलेल्या तांब्याला द्रावणातून हुसकावते आणि त्याची जागा घेते, अशी ही विस्थापन अभिक्रिया. धड्यात विस्थापनही आहे. बोर्डो लोखंडी भांड्यात करू नये, हा नियमही त्याच एका ओळीतून निघतो.

प्रत्यक्षातला निळा रांधा हा फळ्यावरच्या समीकरणाइतका सरळ नसतो, हेही सांगायला हवे. चुन्याचे प्रमाण, पाण्याची उष्णता, मिसळण्याचा वेग यांवर त्या अवक्षेपाची घडण बदलते. चुना कमी असेल तर शुद्ध हायड्रॉक्साइडऐवजी तांब्याचे आम्लारीधर्मी सल्फेट बसते. मिश्रण ठेवून दिले तर कण एकमेकांत मिळून जाड होतात आणि पानावर नीट चिकटत नाहीत. म्हणून केले त्याच दिवशी मारायचे. समीकरण खोटे नाही, पण ते हिशेबाचा सांगाडा देते. त्यावरचे मांस अनुभवाने भरावे लागते. दोन्हींची गरज आहे, आणि आपल्याकडे दोन्ही वेगवेगळ्या माणसांकडे राहिली, हे आमचे खरे दुखणे आहे.

चुन्याचीच गोष्ट घ्या. सह्याद्रीचा हा सारा पट्टा काळ्या दगडाचा, बेसाल्टचा. चुनखडकाच्या खाणी इथे नाहीत. मग शिवनेरीच्या तटबंदीला, जुन्नरच्या मशिदींना, वाड्यांना आणि बारवांना चुना आला कुठून? तो आला इथल्या मातीतल्या आणि नदीकाठच्या चुनखडीच्या खड्यांतून. बेसाल्टमधली कॅल्शियमयुक्त खनिजे पावसाच्या पाण्यात झिजतात, कॅल्शियम बायकार्बोनेट होऊन पाण्याबरोबर उतरते, आणि जिथे पाणी सुकते किंवा त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो तिथे कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते. हाही अवक्षेपच, फक्त त्याला हजारो वर्षे लागली. कुकडीकाठी बोरी बुद्रुकला ज्वालामुखीच्या राखेचा प्रसिद्ध थर आहे. ती राख सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून जुनी, यावर भूवैज्ञानिकांत वाद आहे. अशा जुन्या गाळाच्या थरांत चुनखडीचे खडे सापडतात. ते वेचून भट्टीत भाजायचे, कळी करायची, ती विरवून घाणीत मळायची, आणि भिंतीत गेल्यावर ती हवेतला वायू घेऊन पुन्हा दगड होणार. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटातून ज्या बाजारपेठेत माल चढत होता, त्या जुन्नरमधले कोणतेही जुने चुन्याचे बांधकाम घ्या. चुन्याचे हे चक्र त्या कारागिरांच्या हातात होते. त्यांना सूत्र ठाऊक नव्हते, पण कोणता खडा भट्टीत फुटून पडतो आणि कोणता कळी देतो, हे ते रंगावरून आणि वजनावरून ओळखत.

हाच पांढरा थर आज ठिबकच्या तोटीत बसतो. बोअरचे जड पाणी नळीत तापते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कॅल्शियम कार्बोनेट ड्रिपरच्या बारीक छिद्राशी जमते आणि ड्रिपर चोक होतो. नदीकाठी खडे घडवणारी आणि शेतातली नळी बंद करणारी अभिक्रिया एकच आहे. तिच्यावरचा उपाय म्हणून शेतकरी नळ्यांत आम्ल सोडतो. आम्लाने कार्बोनेट फसफसून विरघळते. हेही समीकरणच.

पश्चिमेकडे, आहुपे खोऱ्यात आणि भीमाशंकराच्या पट्ट्यात, तसेच जुन्नरच्या आदिवासी गावांत दुसरा एक अवक्षेप पिढ्यान्पिढ्या ओळखीचा आहे. हिरडा हे तिथल्या महादेव कोळी कुटुंबांच्या हातात पैसा आणणारे वनपीक. ओला हिरडा कोयत्याने चिरला की पाते काळे पडते, कारण हिरड्यातले टॅनिन लोखंडाशी जुळून न विरघळणारे काळे संयुग बनवते. हिरड्याचा काढा पिवळसर असतो, हिराकसाचे, म्हणजे फेरस सल्फेटचे, पाणी फिकट हिरवे. दोन्ही एकत्र आली आणि हवा लागली की काळी शाई होते. तिच्यातला रंग म्हणजे द्रवात तरंगणारे घन कण. कापड काळे रंगवणाऱ्या रंगाऱ्यांनी आणि कातडी कमावणाऱ्यांनी या गुणावर शतके काढली. इंग्रजी अमदानीत हिरडा मुंबई बंदरातून युरोपातल्या कातडी कारखान्यांकडे जहाजे भरून जाई. टॅनिन हा एक पदार्थ नाही, मोठ्या रेणूंचा गोतावळा आहे, त्यामुळे या काळ्या रंगाचे समीकरण शाळेच्या फळ्यावर साध्या अंकांनी संतुलित करता येत नाही. तरीही कोयत्याचे पाते काळे पडणार हे हिरडा गोळा करणाऱ्या बाईला आधीच माहीत असते. उत्पादित काय असेल याचा अंदाज बांधण्याची कला समीकरणाच्या कितीतरी आधीची आहे.

मग समीकरण हवेच कशाला? याचे उत्तर आमच्या मते असे: कृती पाठ असली की जे पूर्वी कोणीतरी मिसळून पाहिले आहे तेवढेच सांगता येते. समीकरण जे अजून कोणीच मिसळलेले नाही त्याबद्दलही बोलते. हा फरक उमगायला युरोपालाही पावणेतीनशे वर्षे लागली. १६१५ मध्ये झाँ बेगें यांनी एका अभिक्रियेचा आराखडा रेषांनी काढून दाखवला. १७८९ मध्ये लाव्होझिए यांनी आधीचे आणि नंतरचे वस्तुमान सारखेच राहते हे ठामपणे मांडले. त्याशिवाय समीकरण संतुलित करण्याला काही अर्थच नव्हता. त्यानंतर रसायनज्ञ बर्थोले नेपोलियनबरोबर १७९८ मध्ये इजिप्तला गेले. तिथल्या नेट्रॉन सरोवरांच्या काठी त्यांना सोडा साचलेला दिसला. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकत्र केले की चुनखडी खाली बसते आणि मीठ द्रावणात राहते. इथे मीठ आणि चुनखडी यांच्यापासून सोडा होत होता, म्हणजे तीच अभिक्रिया उलट्या दिशेने. कोणता पदार्थ किती आहे, हवा किती तापलेली आहे, काय बाहेर निघून जाते, यांवर अभिक्रियेची दिशा ठरते, हा धडा बर्थोले यांनी त्या वाळवंटी काठावर घेतला. १८८४ मध्ये स्वीडनच्या आऱ्हेनियस यांनी विरघळलेला क्षार पाण्यात आधीच आयनांत सुटलेला असतो असा प्रबंध लिहिला आणि १९०३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये विद्राव्यता गुणाकार मांडला. आता कोणतीही दोन द्रावणे एकत्र केली तर त्यातल्या चार आयनांच्या कोणत्या जोडीला पाणी धरून ठेवू शकत नाही, हे कागदावर सांगता येऊ लागले. मिलार्दे यांचे मिश्रण आणि आऱ्हेनियस यांचा प्रबंध यांत एकाच वर्षाचे अंतर आहे. पहिले आपल्या बागांत शिरले, दुसरे वहीच्या पानांत राहिले.

आणि नेमक्या त्याच ठिकाणी आज नुकसान होते आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांच्या पाण्यावर दोन्ही तालुक्यांचा पूर्वभाग बागायती झाला. पुढे ठिबक आले, आणि ठिबकबरोबर विद्राव्य खते. आज कळंब, मंचर, खोडद, ओतूर इथल्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात शेतकरी ‘बारा एकसष्ट’, ‘शून्य बावन्न चौतीस’, ‘शून्य शून्य पन्नास’ अशी आकड्यांनीच खते मागतो. हे आकडे नत्र, स्फुरद आणि पालाशाचे प्रमाण सांगतात, पण पोत्यात कोणता क्षार आहे हे सांगत नाहीत. ‘शून्य शून्य पन्नास’ म्हणजे पोटॅशियम सल्फेट. टोमॅटोला फळाचे बूड सडू नये म्हणून देतात ते कॅल्शियम नायट्रेट. दोन्ही एकेकटी पाण्यात छान विरघळतात. वेळ वाचावा म्हणून एकाच टाकीत घातली तर काय होते?

चार आयन मांडा: कॅल्शियम, नायट्रेट, पोटॅशियम, सल्फेट. नायट्रेटचे क्षार सगळे विरघळतात, पोटॅशियमचेही विरघळतात. उरली एक जोडी, कॅल्शियम आणि सल्फेट. म्हणजे जिप्सम. एक कॅल्शियम नायट्रेट आणि एक पोटॅशियम सल्फेट, त्यातून एक कॅल्शियम सल्फेट आणि दोन पोटॅशियम नायट्रेट. तो ‘दोन’ घातला की समीकरण संतुलित. आता वजने पाहा. पोटॅशियम सल्फेटचे रेणुवस्तुमान १७४, जिप्समचे १७२, म्हणजे जेवढे पोटॅशियम सल्फेट घातले जवळजवळ तेवढ्याच वजनाचे जिप्सम. दोनशे लिटरच्या पिंपात पाच किलो पोटॅशियम सल्फेट आणि पुरेसे कॅल्शियम नायट्रेट घातले, तर पाच किलोच्या जवळपास जिप्सम होते. पाण्यात ते लिटरमागे फार तर दोन-अडीच ग्रॅम विरघळते, म्हणजे सगळ्या पिंपात सुमारे अर्धा किलो. बाकीचे चार किलोहून जास्त पांढरे पीठ खाली बसते किंवा खत ओढणाऱ्या व्हेंच्युरीतून लॅटरल नळ्यांमध्ये शिरते. फिल्टर भरतो, ड्रिपर चोक होतात, कॅल्शियम मुळापर्यंत पोचत नाही आणि सल्फेटही नाही. दोन्ही पोत्यांचे पैसे त्या पिठात गेले. मॅग्नेशियम सल्फेटने हेच होते. स्फुरदाच्या खतांबरोबर कॅल्शियम फॉस्फेट बसते, आणि पाणी जितके आम्लारीधर्मी तितके लवकर. म्हणून आम्लयुक्त द्रावणात चालून जाणारे मिश्रण बोअरच्या जड पाण्यात फसते. इथे बर्थोले यांचाच धडा पुन्हा भेटतो. पॉलिहाउसवाले म्हणूनच ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन टाक्या ठेवतात: कॅल्शियम एकीत, सल्फेट आणि फॉस्फेट दुसरीत. पण नियम पाठ करून दोन टाक्या ठेवणारा शेतकरी बाजारात नवे खत आले की पुन्हा अडतो. दरवर्षी नवे नाव, नवे मिश्रण, नवे सूक्ष्म अन्नद्रव्य. आजोबांच्या अनुभवात त्याचा उल्लेख असण्याचे कारण नाही. इथे अंदाज बांधायला समीकरणच हवे.

नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्था हे सांगतात, बागाईतदारांच्या मेळाव्यांतही सांगितले जाते. पण मेळाव्यात मिळालेली माहिती कृती म्हणूनच कानावर पडते. ती विचार म्हणून रुजायची तर वय पंधरा-सोळाचेच हवे, आणि जागा शाळेची. महाराष्ट्रात रसायनशास्त्र मराठीतून शिकवण्याची परंपरा नवी नाही. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकातच मराठीत विज्ञानाची पुस्तके लिहिली. अवक्षेप, विस्थापन, संतुलन या कल्पना मराठी मुलाला परक्या नाहीत. परके आहे ते उदाहरण. सिल्व्हर नायट्रेट महाग असते, म्हणून प्रयोग बहुतेकदा फक्त फळ्यावर होतो. त्याऐवजी मोरचूद आणि चुन्याची निवळी घ्या. पालकांच्या शेतातले खताचे रिकामे पोते वर्गात आणा, त्यावरचा क्षार वाचा, त्याचे आयन मांडा. विहीर, बोअर आणि येडगावच्या कालव्याचे पाणी तीन काचेच्या ग्लासांत घ्या, प्रत्येकात तेच खत घाला आणि दुसऱ्या दिवशी तळ पाहा. तीन पाण्यांत तीन वेगळे परिणाम दिसतील, आणि का, हे मुलांनी समीकरण मांडून सांगायचे. हातमोजे आणि चष्मा मात्र हवाच. मोरचूद विषारी आहे आणि कळीचा चुना डोळ्यात गेला तर अंधत्व येऊ शकते. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदच्या जीएमआरटी या दुर्बीण केंद्रात विज्ञान प्रदर्शन भरते आणि आजूबाजूच्या शाळांची मुले तिथे प्रकल्प मांडतात. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणींच्या त्या जागी ड्रिपर का चोक झाला याचा हिशेब मांडणारा प्रकल्प कमी मोलाचा ठरणार नाही. त्याच वर्गातली निम्मी मुले पाच-सात वर्षांत स्वतः व्हेंच्युरीचा कॉक फिरवत असतील.

संतुलित समीकरणाचा आणखी एक अर्थ आहे. तो लगेच दिसत नाही आणि म्हणूनच जास्त काळजीचा आहे. डाव्या बाजूला तांब्याचे जेवढे अणू, तेवढेच उजव्या बाजूला. बुरशी मेली, पाने गळली, द्राक्षे विकली गेली, तरी तांबे नाहीसे होत नाही. ते मातीत उतरते. मोरचुदात वजनाने सुमारे पंचवीस टक्के तांबे असते. हेक्टरी एक हजार लिटर धरले तर एक टक्क्याच्या बोर्डोच्या एका फवारणीत दहा किलो मोरचूद, म्हणजे अडीच किलो तांबे जमिनीच्या वाट्याला येते. दोन फवारण्यांचे पाच किलो. ऑक्सिक्लोराइडसारखी तांब्याची इतर बुरशीनाशके मारली तर ती वेगळीच. चुनखडीच्या आपल्या जमिनी आम्लारीधर्मी आहेत, त्यामुळे त्या तांब्याचाही अवक्षेप होतो आणि तो वरच्याच थरात धरला जातो. त्या थरात गांडुळे आणि उपयोगी बुरश्या राहतात, आणि त्यांच्यासाठी तांबे विषच आहे. ज्या बोर्डो प्रदेशात ही रीत जन्मली, तिथल्या जुन्या द्राक्षबागांच्या मातीत शतकभराचे तांबे साचले आहे. युरोपीय संघाने २०१९ पासून मर्यादा घातली: सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला चार. आपल्या दोनच फवारण्या ती सरासरी ओलांडतात.

बोर्डो वापरू नये असे आमचे म्हणणे नाही. पावसाळी हवेत डाउनी एका रात्रीत घड संपवतो, आणि आंतरप्रवाही बुरशीनाशकांना दाद न देणाऱ्या रोगजातीही तयार होतात. तांब्याला मात्र अजून तशी दाद न देणारी जात क्वचितच सापडते. बाग वाचवायची तर मोरचूद लागेल. पण किती टक्क्याचे, वर्षात किती वेळा, आणि आधीचे जमिनीत किती आहे, हा हिशेब आता ठेवायला हवा. फूट आल्यावर अर्धा टक्का पुरत असेल तर एक टक्का का? २०१५ पासून शेतकऱ्यांना मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत तांब्याचा आकडा असतो. तो कमतरता शोधण्यासाठी ठेवला आहे, म्हणून द्राक्षबागांच्या पत्रिकेवर त्यापुढे ‘पुरेसे’ असे लिहून येते आणि विषय तिथेच संपतो. कृषी विभागाने त्याच रकान्यात वरची मर्यादाही दाखवावी, आणि द्राक्ष बागाईतदारांनी आपल्या फवारणीच्या नोंदवहीत औषधाच्या नावाशेजारी तांब्याचे किलो लिहायला सुरुवात करावी. हा गुणाकार दहावीच्या मुलाला येतो. बापाची नोंदवही त्याच्या हाती द्यायची एवढेच काम उरते, आणि ते या हंगामातही होऊ शकते.